लाल काठाचे पडदे

नदी उतरली आणि आरोग्य खात्याची जीप पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच भामरागडला पोचली. औषधांची खोकी उतरवता उतरवता ड्रायव्हर सहज बोलावं तसं बोलला, "सिस्टर, तुमच्या खदानीतल्या त्या पडदेवाल्या बाई गेल्या म्हनते. तुमाले तं मालूम असनच." मला मालूम नव्हतं. आषाढापासून आमचा रस्ता बंद होता. इकडे बाहेरचं कुणी गेलं तरी पाणी ओसरेपर्यंत ते आमच्यापुरतं जिवंतच असतं. अनसूयाबाई श्रावणात गेल्या आणि माझ्यासाठी त्या दसऱ्याच्या तोंडावर गेल्या. मधले सगळे दिवस मी त्यांना सांगायच्या गोष्टी साठवत बसले होते... कशानं गेल्या म्हणून विचारलं तर तो म्हणाला, "हिवतापानं. डोक्यात चढला म्हनते." माझ्या हातात तेव्हा हिवतापाच्याच इंजेक्शनांचं खोकं होतं. ते कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसून रडले. दुःखापेक्षा रागानंच जास्त रडले. ज्या तापातून मी या जंगलात परक्या माणसांना उठवून बसवते, त्यानं माझं माणूस माझ्या माघारी उचलून नेलं होतं.

मेलेल्या म्हशीला मणभर दूध, असं आपल्याकडे म्हणतात. ते मला इथे करायचं नाही. अनसूयाबाई हट्टी होत्या, तोंडाच्या फटकळ होत्या, आणि एखादी गोष्ट डोक्यात घेतली की समोरच्याला जीव नकोसा करून सोडायच्या. मी एकदा वैतागून म्हटलं होतं, "बाई, साऱ्या खाणीला पडदे शिवता, एक तुमच्या तोंडालाही शिवा." त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "पयले तुमच्या सुईची धार मोडा, मंग माया तोंडाची पाहू." त्या दिवशी आम्ही दोघी पोट धरून हसलो. असं हसणं त्यांच्या वाट्याला फार आलं नाही, म्हणून ते आधी सांगून टाकते.

त्यांची माझी गाठ पडली ती वर्धा नदीच्या काठच्या एका भूमिगत कोळसा खाणीच्या दवाखान्यात. ऐंशी साल उलटून गेलं होतं आणि मी नर्सिंग संपवून तिथे नवीनच लागले होते. आमच्या खाणीचा कोळसा ऊर्जानगरच्या वीजकेंद्राला जायचा, आणि ज्यांनी तो काढला त्यांच्या लाईनीत, म्हणजे एकाला एक चिकटलेल्या मजुरांच्या खोल्यांत, पावसाळाभर पाणी गळायचं. छपरावर कवेलू, म्हणजे कौलं. वांदरांच्या टोळ्या या छपरावरून त्या छपरावर उड्या मारत जायच्या आणि कवेलू फुटायचे. लाईनीनं त्यावर आपला उपाय शोधला होता. खाणीत हवा वळवायला जाड तागाचे, डांबर चढवलेले पडदे टांगतात. तसला एक पडदा कवेलूंच्या खाली ताणून बांधला की थेंब आत येत नाही. मृग लागायच्या आधी घरचा कर्ता माणूस पाळी संपवून येताना खांद्यावर पडदा टाकून आणायचा. गेटवरचा चौकीदार मान फिरवायचा, कारण त्याच्याही घरी एक होता. याला कुणी चोरी म्हणत नसे. लेकीचं लग्न ठरलं की भांड्याकुंड्यांबरोबर एक कोरा पडदा द्यायचा, असासुद्धा रिवाज पडला होता. "पोरीले कोरड्यात देल्ली," असं आया अभिमानानं सांगायच्या.

खाली त्या पडद्याचं काम काय, ते मला आमच्या वायुविजन अधिकाऱ्यानं समजावून सांगितलं होतं. नागपूरकडचा तरुण मुलगा होता तो, आणि लोक त्याला हवासाहेब म्हणत. कोळशात मिथेन नावाचा वायू दबून असतो. त्याला रंग नाही, वास नाही. कोळसा फोडला की तो सुटतो आणि हवेपेक्षा हलका म्हणून छताला जाऊन बसतो. मोठा पंखा लावून खाणीत हवा खेळवायची आणि तिच्याबरोबर तो बाहेर काढायचा, एवढाच उपाय. पण हवा आळशी असते, जवळच्या वाटेनं निघून जाते. जिथे कोळसा खणणं चालू असतं त्या बोगद्याच्या बंद टोकाला फेस म्हणतात, तिथपर्यंत ती आपणहून जात नाही. पडदा टांगून तिला तिकडे हाकलावं लागतं. पडदा नसेल तर वायू साचत जातो, आणि साचलेल्या वायूला एक ठिणगी पुरते. हे सगळ्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण आमच्या बाजूच्या खाणींत हा वायू कमीच निघतो, असा सगळ्यांचा पक्का समज होता. "आपली खदान गाय हाये गाय, शिंग नाई मारत," म्हातारे कामगार कौतुकानं सांगायचे. दिवा घेऊन वायू तपासणारेही जिथवर जाणं सोयीचं तिथवर जाऊन परत फिरायचे.

अनसूयाबाईंचे यजमान नामदेवभाऊ या खाणीत फेसवर कामाला होते. मी त्यांना बघितलं ते शेवटच्या दिवसांतच, पण अनसूयाबाईंच्या बोलण्यातून ते मला पुरते ओळखीचे झाले. शांत, नियमानं चालणारे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्या वर्षी मृग धो धो कोसळला आणि लाईनीत पडदा नसलेलं घर ह्यांचंच. अनसूयाबाईंनी तगादा लावला. स्वतःचे ते शब्द त्या मला पुढे कितीदा तरी ऐकवायच्या, एक अक्षर न बदलता: "साऱ्यायच्या घरी पडदा आला. तुमच्याच हाताले काय झालं? पोरगी रातभर वल्या कथरीत झोपून राह्यली." शेवटी नामदेवभाऊंनी पडदा आणला. पण आणला तो स्वतःच्या फेसवरचा काढून. दुसऱ्याच्या जागेवरचा काढणं त्यांच्या मनाला पटेना. आपल्या पोरीसाठी दुसऱ्याची हवा कशाला तोडायची, असं ते म्हणाले होते. आपल्या फेसला स्टोअरमधून नवा मिळेल, असं त्यांनी धरलं होतं. स्टोअरमधले पडदे तेव्हाच संपलेले होते.

भोंगा अवेळी वाजला तेव्हा दुपार होती आणि मी ड्रेसिंगच्या पट्ट्या कापत होते. अवेळी भोंगा वाजला की लाईनीतल्या बाया हातातलं टाकून खाणीच्या तोंडाशी धावतात, आणि दवाखान्यातले आम्ही फक्त खाटा मोकळ्या करतो. तिघांना वर आणलं. त्यांतले एक नामदेवभाऊ. ठिणगी कशाची, सुरुंगाची की कुणाच्या बिडीची, ते कधीच ठरलं नाही. भाजलेल्या माणसाचं एक फार वाईट असतं... सुरुवातीला तो नीट बोलतो, पाणी मागतो, माणसं ओळखतो, आणि घरच्यांना वाटतं, वाचला. अनसूयाबाई खाटेशी स्टुलावर बसल्या होत्या. मी मलम लावत होते आणि नामदेवभाऊ त्यांना म्हणाले, "अनसूया, घरचा पडदा काढजो. दौलतच्या पाळीले लागन." दौलत म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, तोही त्याच खाणीत, पुढच्या पाळीला. अनसूयाबाई म्हणाल्या, "तुमी बरे व्हा, मंग काढू." ते म्हणाले, "आजच काढजो." त्यानंतरही ते बोलत होते, पण ते कुणाला उद्देशून नव्हतं. पाऊस उघडायच्या आत ते गेले. त्यांच्याबरोबरचा आणखी एक जण गेला आणि तिसरा वाचला तो चेहरा हरवून.

माती झाल्यावर अनसूयाबाईंनी तो पडदा उतरवला, डोक्यावर घेतला आणि भर पावसात खाणीच्या तोंडाशी नेऊन ठेवला. एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तर कुणी काही म्हटलं नसतं. पण पुढे चौकशी बसली. युनियनच्या पुढाऱ्यांनी लाईनीत फिरून बजावून ठेवलं होतं की पडद्याबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही, आणि ते काही फार चुकीचं सांगत नव्हते. बायाही अनसूयाबाईंना म्हणाल्या, "काऊन हात दाखवून अवलक्षण करून घेतं वो?" अनसूयाबाई चौकशीच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "पडदा माया घरी होता साहेब. त्यायले आनाले मीच लावला. साऱ्यायच्या घरी हाये. खाली काई नाई राह्यलं." साहेबांनी ते टिपून घेतलं. मी त्या वेळी दवाखान्याच्या कागदांसाठी तिथेच व्हरांड्यात होते. खाणीच्या साहेबांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी विसरले नाही. कामगारांनीच पडदे पळवले, विषय संपला. स्टोअर रिकामं का होतं आणि वर्षानुवर्षं छपरं का गळत होती, हे कुणी विचारलंच नाही. कोळसा उगाळावा तितका काळाच. आपल्याकडे गरिबाचं खरं बोलणं बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या कामी येतं, हे मी त्या दिवशी शिकले आणि अजून मला त्याचा राग येतो.

मग झडती आली. चौकीदार बांबू घेऊन घराघरात शिरले आणि कवेलूंखालचे पडदे ओढून काढू लागले. पाऊस चालूच होता. खालची माणसं वाचावीत म्हणून वरची उघडी पडली. त्या आठवड्यात आमच्या दवाखान्यात एका खाटेवर दोन-दोन लेकरं झोपवली होती, सगळी छाती भरलेली. त्यांत दौलतभाऊंचं तान्हं होतं. अजून बाळाचं नावही ठेवलं नव्हतं. मी त्याला रात्रंदिवस ऊब दिली, ऑक्सिजन दिला, जे जे जवळ होतं ते केलं... नाही वाचलं. दौलतभाऊ बाहेर आले. अनसूयाबाई व्हरांड्यातच उभ्या होत्या. ते त्यांच्यासमोर थांबले आणि आवाज न चढवता म्हणाले, "वैनी, तुमी खरं बोलल्या. तुमच्या खऱ्यानं मायं लेकरू गेलं." त्यानंतर ते त्यांच्याशी बोलले नाहीत. दोन दारं सोडून राहायचे, नळावर समोर यायचे, पण बोलले नाहीत. लाईनीतल्या बाकीच्यांचा राग हळूहळू ओसरला. दौलतभाऊंचा ओसरला नाही, आणि अनसूयाबाईंनी तो ओसरावा अशी अपेक्षाही कधी केली नाही. मला म्हणाल्या, "तो बराबर बोलला सिस्टर. म्या पडदा काढाले लावला, घर झाकाले नाई लावलं." त्या दोन वाक्यांत त्यांचं पुढचं सगळं आयुष्य होतं. पडदा खालीच राहिला पाहिजे, आणि त्यासाठी कुणाचं लेकरू भिजता कामा नये. त्यांनी दोन्ही गोष्टी एकदमच हट्टाला घेतल्या.

नवऱ्याच्या जागी नोकरी मिळत होती. लोकांनी सुचवलं, नात्यातल्या कुणा पोराला लावून दे. त्या म्हणाल्या, माणूस खाली पाठवून झाला, आता मी वर बसते. बाईला खाणीत उतरायची परवानगी नाही, म्हणून त्यांना स्टोअरमागच्या शेडमध्ये पडदे शिवायच्या कामाला बसवलं. त्यांचं माहेर कोरपन्याकडचं, कापसाचं गाव. लहानपणापासून दाभण आणि सुतळीनं कापसाचे बोरे शिवलेले, त्यामुळे डांबरी कापडातून दाभण ओढणं त्यांना नवीन नव्हतं. पहिल्याच वर्षी त्यांनी स्टोअरवाल्याच्या मागे लागून धोक्याच्या झेंड्यांचं लाल कापड मिळवलं आणि प्रत्येक पडद्याला लुगड्यासारखा लाल काठ लावायला सुरुवात केली. बाया हसल्या, "पडद्याले नवरी करून राह्यली का वो?" साहेबांनी विचारलं, हा नसता उद्योग कशाला? अनसूयाबाई म्हणाल्या, "पडदा दिव्यात दुरून दिसला पायजे. आन नसला, तं नसलेला बी दिसला पायजे." आणि घरात कवेलूंखाली लाल काठाचा पडदा बांधून त्याच्याखाली झोपायची छाती लाईनीत फारशी कुणाला होणार नव्हती, हेही त्यांना माहीत होतं. पाळी सुटली की त्या खाणीच्या तोंडाशी उभ्या राहायच्या आणि वर येणाऱ्या प्रत्येकाला विचारायच्या, "काठ दिसते का?" घामानं काळी झालेली, दमलेली माणसं कंटाळून म्हणायची, दिसते वो बाई, दिसते. आपण शिवलेला पडदा जागेवर टांगलेला त्यांनी जन्मात कधी बघितला नाही.

हवासाहेब अधूनमधून शेडमध्ये येऊन बसायचा. त्याला त्यांच्याशी बोलायला आवडायचं, आणि मीही चहाच्या वेळी तिथे असायचे. एकदा त्यांनी विचारलं, "साहेब, तुमी ग्यास भाईर काढता, मंग तो जाते कुठी?" तो म्हणाला, "हवेत. आकाशात." त्यांच्या माहेरी कुणीतरी नवीनच गोबरगॅस बसवला होता, तो त्यांनी बघितला होता. म्हणाल्या, "शेनाचा ग्यास टाकीत धरते, त्यावर भाकर होते. तुमी एवढा सारा सोडून देता?" त्यानं समजावलं की पंख्याच्या हवेत तो इतका विरळ होतो की धरता येत नाही, पेटवताही येत नाही. खणण्याआधीच कोळशात भोकं पाडून तो काढून घेता येतो, बाहेरच्या देशांत तसं करतात, पण आपल्याकडे कोण करतो? अनसूयाबाईंनी दोरा दातानं तोडला आणि म्हणाल्या, "मंग हे तं आपल्या घरचा कचरा दुसऱ्याच्या आंगनात लोटल्यावानी झालं." हवासाहेब हसला. आकाश केवढं मोठं, बाई, म्हणाला. हल्ली वर्तमानपत्रांत पृथ्वीची हवा तापत चालल्याच्या बातम्या येतात, त्यांत या वायूचंही नाव असतं, आणि मला तो चहा आठवतो. त्या काही भविष्य सांगत नव्हत्या. केर कुठे टाकला हे विचारायची त्यांना सवय होती, इतकंच.

छपरांसाठी त्यांनी जे केलं ते लाईनीत अजून सांगतात. अर्ज देऊन झाले, विनवून झालं. मग एका पावसाळ्यात, सकाळी, लाईनीतल्या बाया भिजलेल्या गोधड्या आणि कथऱ्या डोक्यावर घेऊन मॅनेजरच्या बंगल्यावर गेल्या आणि तिथल्या तारेच्या कुंपणावर त्या वाळत घातल्या. लेकरांच्या मुताच्या, ओलीनं कुबट झालेल्या, फाटक्या. मॅनेजरच्या बाई बाहेर आल्या, त्यांनी नाकाला पदर लावला. अनसूयाबाई म्हणाल्या, "आमच्या इथी वाळत नाई बाई. वरून पानी येते." पाऊस आला की त्या गोधड्या पुन्हा भिजायच्या, आणि बाया दुसऱ्या दिवशी येऊन त्या पिळून पुन्हा तिथेच घालायच्या. शेवटी नवे कवेलू आणि खाली टाकायला चटया मंजूर झाल्या, पण अर्ध्या लाईनीपुरत्या. उरलेल्यांचं पुढच्या वर्षी बघू. अनसूयाबाईंची खोली पहिल्या अर्ध्यात होती. त्यांनी आपली पाळी दौलतभाऊंना दिली. मिस्त्री शिडी घेऊन आले तेव्हा दौलतभाऊ दारात उभे होते. ते बाजूला झाले आणि शिडी आत जाऊ दिली, पण तोंडातून शब्द काढला नाही. ते पुढचं वर्ष काही आलं नाही, आणि अनसूयाबाई गळत्या घरातच राहिल्या. मी रागावले की म्हणायच्या, "मले गळनं आयकू आलं तं झोप लागते सिस्टर." हे खोटं होतं. पण त्यानंतर खालचे पडदे खाली राहू लागले, वायूचं प्रमाण उतरलं असं हवासाहेब सांगायचा, आणि मी तिथे होते तोवर त्या खाणीतून भाजलेलं माणूस पुन्हा माझ्या खाटेवर आलं नाही. स्टोअर मात्र अधूनमधून रिकामं पडायचंच. त्याची धास्ती त्यांना शेवटपर्यंत होती.

मला सरकारी नोकरी लागली आणि मी भामरागडला निघाले. अनसूयाबाई स्टँडवर आल्या, एसटी सुटेपर्यंत उभ्या राहिल्या. "तिकडं घरावर काय हाये?" म्हणाल्या. मी म्हटलं, पत्रे. "मंग जा," म्हणाल्या. ती आमची शेवटची भेट.

बातमी कळल्यावर रजा मिळवून मी लाईनीत गेले. त्यांची लेक सुनीता आता मोठी झाली आहे, राजुऱ्याला कॉलेजात जाते. ती माझ्या गळ्यात पडली नाही. आईसारखीच, आधी खायला घातलं आणि मग सांगायला बसली. ताप आला, उतरला, पुन्हा आला, त्या कामावर जात राहिल्या, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. मयतीच्या दिवशी पावसानं उसंत दिली नाही. खोलीत पाणी गळत होतं म्हणून अनसूयाबाईंना दाराबाहेर ठेवलं तर तिथे वरून धार. लोक छत्र्या धरून उभे, पण छत्र्यांनी काय होतं... त्रिशरण-पंचशील म्हणून झालं आणि उचलायची तयारी चालली, तेवढ्यात दौलतभाऊ आले. ते पाळीवर होते, कुणीतरी खाली निरोप दिला होता. तोंडावर कोळसा तसाच, आणि खांद्यावर लाल काठाचा पडदा. इतक्या वर्षांत त्यांनी त्या दारात पाय ठेवला नव्हता. ते आले तसेच वाकले, आणि तो पडदा वहिनीवर डोक्यापासून पायापर्यंत नीट पसरायला लागले. सगळी लाईन रडत होती, सुनीता म्हणाली, तीही रडत होती. मग तिनं काकांना विचारलं, "काका, हा कुठचा आनला?"

"माया फेसवरचा," दौलतभाऊ म्हणाले.

"तिथी कोन हाये आता?"

त्यांनी वर बघितलं. कुणीतरी होतं. त्यांच्याच टोळीतली माणसं खाली कोळसा काढत होती. सुनीता म्हणाली, "आईले भिजू द्या काका. पडदा घेऊन जा." दौलतभाऊंनी पडदा गोळा केला, खांद्यावर टाकला आणि तसेच खाणीकडे पळत सुटले. लोक त्यांच्यासाठी थोडं थांबले. मग सुनीतानंच सांगितलं, चला. अनसूयाबाईंना भिजतच नेलं.

परत निघायच्या आधी मी दौलतभाऊंकडे गेले. परतीचा पाऊस होता, बारीक पण सततचा. त्यांचं छप्पर नवं केल्यालाही आता वर्षं झाली आणि वांदरांनी तेही ठेवलं नव्हतं. घरात दोन ठिकाणी पाणी पडत होतं. "सिस्टर, इकडं सरका, तिकडं गळते," म्हणत त्यांनी माझी खुर्ची ओढून कोरड्यात ठेवली. त्यांच्या बायकोनं चुलीवर चहा टाकला. मग ते आपणच म्हणाले, "पडदा टांगून वर आलो, तं माती होऊन गेल्ती. सारे घरी आल्ते." मी म्हटलं, भाऊ, तुम्ही बरोबर केलंत. त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. "वैनी वलीच गेली," एवढंच म्हणाले. मी वर बघितलं. कवेलूंच्या खाली काही नव्हतं, फटींतून आभाळ दिसत होतं. चहा होईपर्यंत गळतीखाली ठेवलेला पितळी गंज भरला. दौलतभाऊंनी तो उचलून अंगणात ओतला आणि परत आणून त्याच जागेवर ठेवला.